कासरा, हँडल आणि स्टीअरिंग



आपल्या मराठीची एक गंमत पाहा. बैलगाडी आपण हाकतो, सायकल चालवतो, नाव वल्हवतो, घोडा दौडवतो आणि विमान उडवतो. काम एकच, एका जागेहून दुसऱ्या जागी नीट पोहोचायचं, पण क्रियापदं निराळी. हे उगीच झालेलं नाही. प्रत्येक वाहनाची वळण्याची आणि थांबण्याची रीत निराळी असते, आणि जुन्या माणसांनी ती ओळखून शब्द घडवले. आज मी याच विषयावर बोलणार आहे. निरनिराळी वाहनं वळतात कशी, थांबतात कशी, आणि एखादी गाडी माणसाच्या ताब्यात आहे असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय घडत असतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला. घरी शेती, कापूस आणि तूर. लहानपणी बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकली. शाळेला सायकलनं गेलो. पुढे एस.टी.त चालक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गावातल्या पोरांना ट्रॅक्टर अन् चारचाकी शिकवतो. त्यामुळे मी सांगणार त्यात पुस्तकातलं थोडं आणि हातापायांना कळलेलं जास्त, असं असेल.

दिवाळीनंतर कापसाच्या हंगामात राळेगावच्या रस्त्यावर घटकाभर उभं राहावं. एका कडेनं बंडी चाललेली असते. तिच्या मागे कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर येतो. मधूनच एका मोटारसायकलवर तिघं जण निघून जातात. ऑटो थांबतो, एस.टी. हॉर्न देते, सायकलवर शाळेच्या मुली असतात. आणि आमच्याच तालुक्यातल्या वडकीला गेलं, की तिथून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, ज्याला जुनी माणसं अजून सात नंबरच म्हणतात. त्यावर नागपूर-हैदराबादचे ट्रक. या प्रत्येक गाडीवर बसलेल्या माणसाला विचारलं तर तो सांगेल, ‘गाडी माझ्या कंट्रोलमध्ये आहे.’ पण बंडीचा ताबा जिथे असतो, तिथे मोटारसायकलचा नसतो. मोटारसायकलचा असतो तिथे ट्रॅक्टरचा नसतो. आणि आपल्या भागात एकच माणूस एका आयुष्यात, कधी कधी एकाच दिवसात, या तिन्हींवर बसतो. अडचण तिथे सुरू होते.

आधी बंडी घेऊ. बंडीला स्टीअरिंग नाही, ब्रेक नाही, आरसा नाही. दोन चाकं, मधे आख, पुढे जू आणि जुवाखाली दोन बैल. वळायचं झालं तर ज्या अंगाला वळायचं, त्या अंगाच्या बैलाचा कासरा किंचित ओढायचा. तो बैल पाऊल आखडतो, दुसरा पुढे जातो, जू तिरपं होतं आणि मागून बंडी वळते. बंडीची दोन्ही चाकं आखावर सुटी फिरतात, म्हणून वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरू शकतं. मोटारीत नेमकं एवढ्याच कामासाठी डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी बसवावी लागते. आपल्या सुताराला ती कधी लागली नाही.

उतार आला की बंडी बैलांच्या अंगावर येते. जू पुढे, शिंगांकडे सरकतं. बैल मान ताठ करतात, पाय रोवतात आणि गाडी धरून ठेवतात. बंडीचा ब्रेक तो. म्हणून माल भरतानाच विचार करावा लागतो. मागच्या अंगाला भार जास्त झाला तर जू वर उचललं जातं. त्याला आपण बंडी उलाळ झाली म्हणतो. पुढच्या अंगाला जास्त झाला तर बैलांच्या मानेवर बसतो. दोन्हीच्या मधे भार बसवणं हे निम्मं गाडी हाकणं आहे, आणि ते गाडी निघण्याच्या आधी, घराच्या अंगणात होतं. हा उलाळ शब्द लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा लागणार आहे.

पण बंडीची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. तिला डोळे असतात. आमचे बाबा म्हणायचे, ‘बैल पाह्यते, तू फकत त्याले आडवा येऊ नोको.’ पांदणीत खड्डा असला, नाल्याला पाणी चढलं असलं, समोर लेकरू बसलं असलं, तर हाकणाऱ्याचं लक्ष नसतानाही बैल थबकतो. रात्री बाजाराहून येताना माणूस बंडीत झोपी जायचा आणि बैल त्याला घरच्या दारात आणून सोडायचे. ही खेड्यातल्या कितीतरी घरांनी पाहिलेली गोष्ट आहे. म्हणजे बंडीचा निम्मा ताबा माणसाकडे आणि निम्मा बैलांकडे. शिवाय वेग पाहा. बंडी तासाला चारेक किलोमीटर चालते, म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच हात. चूक झाली तरी ती सुधारायला वेळ मिळतो.

बैल जोरात पळवायचे झाले की मात्र हिशेब बदलतो. आपल्याकडचा शंकरपट पाहिलेल्यांना हे ठाऊक आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातल्यापासून पट थांबले होते. महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालानं ती पक्की झाली. पटावर धावणारी जोडी वळवायची नसते, नुसती सरळ ठेवायची असते, आणि शेवटची रेघ ओलांडल्यावर थांबायला पुढे मोकळी जागा ठेवावीच लागते. वेग वाढला की थांबायला जागा लागते, हे पटाच्या आयोजकाला कळतं. मोटारसायकलवर बसलेल्या त्याच माणसाला ते आठवत नाही, याचं नवल वाटतं.

आता सायकल. सायकल उभी केली तर पडते आणि चालली तर पडत नाही. असं का होतं, यावर विद्वानांनी शंभरावर वर्षं डोकं चालवलं आहे. फिरतं चाक भोवऱ्यासारखं तोल धरतं, असं बरेच जण सांगतात. ते काही अंशी खरं आहे, पण पूर्ण उत्तर नाही. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी भोवऱ्याचा हा परिणाम काढून टाकलेली एक सायकल बनवली. ती माणसाशिवाय नुसती ढकलून दिली, तरी आपला तोल सांभाळत चालली. खरी गोम अशी, की सायकल ज्या अंगाला पडू लागते, त्या अंगाला हँडल वळलं की चाकं पुन्हा वजनाच्या खाली येतात. कैची मारत सायकल शिकणारं पोरगं दहा वेळा पडून हेच शिकतं. पडणं थांबवायचं नसतं, पडण्याच्या दिशेनं चाक न्यायचं असतं.

सायकल वळवणंही असंच उलट आहे. उजवीकडे वळताना हँडल आधी निमिषभर किंचित डावीकडे जातं. त्यानं चाकं डावीकडे सरकतात, अंग उजवीकडे कलतं आणि मग सायकल उजवीकडे वळते. आपण हे सगळे करतो, पण आपल्याला ते जाणवत नाही. म्हणजे दुचाकी हातानं कमी आणि अंगाच्या कलानं जास्त वळते. चारचाकीचं तसं नाही. ज्यानं जन्मभर दुचाकीच चालवली, तो पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसला की वळणावर अंग कलतं करतो. ट्रॅक्टरला त्याचं काही देणंघेणं नसतं.

मोटारसायकल दिसते सायकलसारखी, तिचा तोलही सायकलसारखाच. पण तिच्यात दोन गोष्टी वाढल्या, वजन आणि वेग. वजन दुप्पट झालं तर अंगातला जोर दुप्पट होतो. वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वेगात कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला पाच-सहा मीटर पुरतात. ताशी ६० ला वीस-बावीस मीटर लागतात. आणि हे ब्रेक लागल्यानंतरचं झालं. डोळ्यांना दिसल्यापासून पाय किंवा बोटं हलेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. त्या एका सेकंदात ताशी ६० ची गाडी सतरा मीटर गेलेली असते. दोन्ही मिळून झाले चाळीसेक मीटर. एवढ्या अंतरात कुणी आलं तर गाडी थांबत नाही. चालवणारा किती हुशार आहे, त्याचा हात किती बसलेला आहे, याला तिथे काही किंमत नाही.

मोटारसायकलचं एक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. तेवढ्या जागेतून तिला वळायचंही असतं आणि थांबायचंही असतं. भाकर एकच समजा. वळणाला अर्धी दिली तर थांबण्याला सगळी उरत नाही. वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक मारला की दोन्ही एकदम मागतात, भाकर पुरत नाही आणि चाक निसटतं. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. आपल्या काळ्या मातीत तर ही भाकर आणखी लहान होते. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर चिखल आणून टाकलेला असतो. त्यावर पहिला पाऊस पडला, की तो रस्ता साबण लावल्यासारखा होतो.

पुढचा ब्रेक लावला तर गाडी उलटते, अशी एक समजूत आपल्या पोरांमध्ये पक्की बसली आहे. म्हणून ती फक्त मागचा ब्रेक दाबतात. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचंच चाक करू शकतं. कोरड्या रस्त्यावर, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढवत लावणं ही खरी रीत. चिखलात आणि रेतीत मात्र पुढच्याला जपून. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींवर यासाठी सोय सक्तीची झाली. १२५ सी.सी.च्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्यांना एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारी यंत्रणा. एबीएसचं मर्म एवढंच, की फिरणारं चाकच वळतं. जाम झालेलं चाक हँडल कितीही फिरवलं तरी सरळच घसरत जातं.

आता ट्रॅक्टर. माझ्या मते आमच्या तालुक्यात सगळ्यात कमी समजून घेतलेलं वाहन हेच. ट्रॅक्टरला ब्रेकचे पायडल दोन असतात. एक मागच्या डाव्या चाकाचा, एक उजव्याचा. शेताच्या टोकाला वळताना आतल्या चाकाचा एकच ब्रेक दाबला की ते चाक जागी थांबतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती गर्रकन फिरतो. बंडीतल्या आतल्या बैलानं पाऊल आखडावं, तसंच हे. पण हीच सोय रस्त्यावर जीव घेते. ताशी तीसच्या वेगात घाईत एकाच पायडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला फेकला जातो. म्हणून दोन्ही पायडल जोडणारी एक कडी कंपनीनं दिलेली असते. शेतातून डांबरावर येताना ती लावायची. मी शिकवायला घेतलेल्या दहा जणांना विचारलं तर ती कडी कशाची, हे दोघांना माहीत असतं.

ट्रॉलीची गोष्ट आणखी निराळी. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. डिझेल वाचावं म्हणून उतारावर न्यूट्रलला सोडायची सवय आहे. न्यूट्रल केलं की इंजिनानं धरून ठेवलेला वेग सुटतो. मग दोन चाकांच्या ब्रेकवर ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल, सगळ्यांचा भार येतो. त्यात ट्रॅक्टर जरा तिरपा झाला, की ट्रॉली मागून रेटून त्याला आडवा करते. जोडी उतारावर असताना बैल सोडून द्यावेत, तसाच हा प्रकार. शहाण्या माणसानं तसं कधी केलं नसतं. यंत्राच्या बाबतीत आपण ते रोज करतो.

आणि आता तो उलाळ शब्द. ट्रॉलीत पुढच्या अंगाला जास्त भरलं, किंवा समोर चढ आला, की ट्रॅक्टरचं पुढचं अंग हलकं होतं. पुढची चाकं जेमतेम टेकलेली असतात. स्टीअरिंग हातात असतं, फिरतंही, पण ट्रॅक्टर वळत नाही, कारण वळवणारं चाक जमिनीला धरून नसतं. त्याहून वाईट प्रकार चिखलात होतो. मागची चाकं फसली, ती फिरायला तयार नाहीत आणि चालकानं रागानं पूर्ण ताकद दिली, तर ती ताकद चाकाऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच फिरवते. पुढचं अंग उचललं जातं आणि ट्रॅक्टर मागे, चालकाच्या अंगावर उलटतो. हे सगळं दीड-दोन सेकंदांत होतं. उडी मारायला वेळ नसतो. उपाय साधा आहे. फसलं तर मागे घ्यायचा प्रयत्न करावा, पुढे रेटू नये. साखळी बांधायची तर ती खालच्या हुकालाच, वर कुठेही नाही. स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून दगावणाऱ्यांची संख्या तिथे पुढे फार घटली. चौकट ट्रॅक्टरला उलटू देत नाही असं नाही, पण उलटला तरी माणसाला चेंगरू देत नाही.

मी हे इतकं तपशिलानं सांगतो आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या रस्त्यावर, हिवाळ्यातल्या रात्री, कापसाची एक ट्रॉली टायर फुटून उभी होती. मागे लाल दिवा नव्हता, रेडियमची पट्टी नव्हती, दगडसुद्धा मांडलेला नव्हता. गावातला एकोणीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलवर घरी येत होता. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला आणि तो ट्रॉलीवर आदळला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं मला विचारलं, ‘भाऊ, तुम्ही तं इतकी वर्सं एस.टी. चालवली. मले सांगा, त्यानं ब्रेक मारला नसन का?’

त्यानं ब्रेक मारला होता. रस्त्यावर चाक घासल्याची काळी रेघ मी स्वतः पाहिली होती. त्या माउलीला मी तसं सांगितलं. पोरगा बेसावध नव्हता. त्याला जागा पुरली नाही, एवढंच. दिव्याचा खालचा झोत साधारण तीस-चाळीस मीटर रस्ता दाखवतो. ताशी ७० ला थांबायला पन्नास मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे ती वस्तू दिसली तेव्हाच ती त्याच्या ताब्याबाहेर गेलेली होती. हिशेब असा, की रात्री उजेडात जेवढं दिसतं, तेवढ्याच जागेत थांबता येईल एवढाच आपला वेग. आणि ज्याची ट्रॉली उभी आहे, त्याचं काम हे, की आपण त्या उजेडाच्या कितीतरी आधी दिसलो पाहिजे. दोघांपैकी एकानं जरी आपलं काम केलं असतं, तरी ती रात्र टळली असती.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं दगावली. त्यात जवळपास निम्मी दुचाकीवरची होती. हा आकडा मोठा आहे म्हणून तो डोक्यावरून जातो. आपल्याला कळतो तो एकच आकडा, आपल्या गल्लीतला.

एस.टी.बद्दल थोडं सांगतो. बसमध्ये चालक पुढच्या चाकांच्याही थोडा पुढे बसतो. त्यामुळे वळणावर आपण स्वतः वळणाच्या पुढे गेल्याशिवाय स्टीअरिंग फिरवायचं नसतं. नवख्याला वाटतं, आता गाडी समोरच्या दुकानात शिरते. आणि मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, ती आतून कापत येतात. बस वळत असताना तिच्या आतल्या अंगाला सायकल घालणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. पुढचं चाक आपल्याला चुकवून गेलं म्हणजे मागचंही जाईल, असं नाही.

बसचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत दाबलेली हवा भरली नसेल तर गाडी काढायची नाही, हा पहिला नियम. सकाळी डेपोत इंजिन सुरू करून आम्ही उभे राहायचो तेव्हा प्रवासी कुरकुरायचे. आम्ही हवेचा काटा चढायची वाट पाहत असायचो. घाटाचा नियमही असाच जुना आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिनानं गाडी धरायची आणि ब्रेक गरजेपुरता. उतारावर मान ताठ करून बंडी धरणारे बैल आणि खालच्या गिअरमध्ये घुमणारं इंजिन, दोघांचं काम एकच.

शेवटी आगगाडी. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आपली शकुंतला कित्येक श्रोत्यांना आठवत असेल. अडीच फुटी रुळांची ती गाडी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. आता ती बंद आहे. पण २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब मोठ्या रुळाची गाडी सुरू झाली आणि कळंब म्हणजे आमच्या राळेगावच्या शेजारचंच. त्या बाजूच्या कितीतरी गावांना आगगाडी नवी आहे, म्हणून सांगतो. आगगाडीला स्टीअरिंग नसतं. तिची चाकं आतून किंचित जाड आणि बाहेरून निमुळती असतात आणि त्यांना आतल्या अंगाला काठ असतो. त्या आकारामुळे ती रुळ धरून वळते. कोणत्या वाटेनं जायचं हे सांधे ठरवतात, इंजिनातला चालक नाही. त्याच्या हातात फक्त वेग. आणि लोखंडावर लोखंड फिरतं म्हणून तो वेग उतरायला शेकडो मीटर लागतात, कधी किलोमीटरभरही. त्याला तुमची म्हैस दिसली तरी तो वळू शकत नाही, आणि बहुधा थांबूही शकत नाही. रुळाजवळ ढोरं चारताना सगळा विचार आपणच करायचा असतो.

तर श्रोते हो, बंडीपासून आगगाडीपर्यंत आलो. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. जसजशी वाहनं बदलली, तसतसा ताब्याचा वेळ आधी आधी सरकत गेला. बंडीत खड्डा समोर आल्यावरही सावरता येतं. मोटारसायकलला वळणाच्या आधी ठरवावं लागतं. ट्रॅक्टरला शेतातून निघतानाच कडी लावावी लागते. बसला डेपोतच हवा पाहावी लागते. हात, पाय आणि हिंमत यांची पाळी नंतर येते. आणि बैल जे पाहायचा, ते आता आपल्यालाच पाहायचं आहे. हल्ली महागड्या मोटारींत कॅमेरे आणि रडार बसवतात, समोर अडथळा आला की त्या आपणहून ब्रेक लावतात. यंत्राला बैलाचे डोळे द्यायची ही धडपड आहे. चांगली आहे. पण आपल्या ट्रॉलीला अजून लाल दिवाही नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. सोळा वर्षांच्या पोराला बंडी हाकता येत होती, म्हणून त्याच्या हाती मोटारसायकलची किल्ली देऊ नका. गिअरच्या गाडीचा परवाना अठरानंतरच मिळतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाच्या भीतीनं नव्हे, तर या कारणानं थांबा, की त्या वयात त्याला बैलाची साथ होती आणि मोटारसायकलवर तो एकटा आहे.

मी ट्रॅक्टर शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू देत नाही. पोरगं कंटाळतं. मी त्याला ट्रॅक्टर आणि ट्रॉलीभोवती फिरायला लावतो. पायडलची कडी लावून दाखव, ट्रॉलीची खिळ नीट बसली का पाहा, टायर पाहा, भार पुढे-मागे सारखा आहे का सांग. मग त्याला ट्रॉलीच्या मागे पन्नास पावलं चालत नेतो आणि वळून पाहायला सांगतो, अंधार पडल्यावर इथून आपण कुणाला दिसू का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. मग आम्ही दुकानात जाऊन रेडियमची पट्टी आणतो. थोडक्या पैशांत येते. कापूस वेचायला लागला की तुम्हीही आपल्या ट्रॉलीच्या मागे, आणि बंडीच्या मागच्या पाटीलासुद्धा, ती लावून घ्या.